वजन खालच्या पायावर

भाड्याने स्की घ्यायला गेलात की दुकानातला पोरगा सगळ्यात आधी तुमचं वजन विचारतो. मग उंची, मग वय, मग ‘कितपत येतं?’ दुकान गच्च भरलेलं, माझ्यामागे सात-आठ जण रांगेत, त्यातले दोघे तर चांगले देखणे. मी ६२ म्हटलं. खरं ६८. सहा किलोंनी ऑस्ट्रियाचं काय बिघडणार होतं?

शेजारी उभ्या भाचीने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा फोनमध्ये डोकं घातलं. शहाणी मुलगी आहे.

मी मूळची चिपळूणची, सहा वर्षं झाली झुरिकमध्ये नोकरी करते. सहा हिवाळे काढले तरी स्कीला पाय लावला नव्हता. सोमवारी ऑफिसात कॉफीच्या मशीनपाशी ‘वीकेंडला कुठे गेला होतात’ सुरू झालं की मी हळूच सटकायची. मुंबईत जन्म काढून लोकल पकडता न येणाऱ्या माणसाकडे बघतात ना, तसं बघायचे. भाची इन्सब्रुकला शिकते आणि दोन हिवाळ्यांत ती पोरगी उडायला लागली. तिनेच फर्मान काढलं, “मावशी, जानेवारीचा दुसरा आठवडा, सांक्ट आंटोन. तुलाही थेट गाडी, मलाही.” नाताळ आणि नवीन वर्षाची गर्दी ओसरली की हॉटेलांचे भाव जरा खाली येतात. तिकडे या दिवसांना ‘जानेवारीचं भोक’ म्हणतात. खाली म्हणजे आपल्या हिशोबाने खाली नव्हे. डोंगरावरचा एका दिवसाचा पासच ७० युरोंच्या वर. गावात मोठ्या हॉटेलांच्या दारात माणसं फरचे कोट घालून उभी, आणि त्यांचे बूट रात्री सुकवून, सकाळी कोमट करून हातात द्यायला वेगळा माणूस. आम्ही मावशी-भाची वरच्या आळीतल्या एका घरगुती पेन्शनमध्ये, म्हणजे लहानशा लॉजमध्ये, न्याहारी धरून.

झुरिकहून रेलजेटने सव्वादोन-अडीच तास. बुख्सला गाडी उलटी फिरते, म्हणजे डोळा लागलेला माणूस जागा होतो आणि आपण परत चाललोय की काय म्हणून दचकतो. शेवटी लांगन सोडलं की आर्लबर्गचा बोगदा. लांबी १०.६ किलोमीटर, १८८४ साली सुरू झालेला. चिपळूणहून रत्नागिरीला जाताना करबुड्याच्या साडेसहा किलोमीटरच्या बोगद्यात आम्ही श्वास धरायचा खेळ खेळायचो. इथे तो सुचलाही नाही. बोगदा संपतो तोच मुळी सांक्ट आंटोनच्या दारात. गाव १३०४ मीटरवर, म्हणजे महाबळेश्वराहून थोडं खालीच, आणि पक्की वस्ती जेमतेम अडीच हजार. पण त्याच्या डोक्यावर ३०० किलोमीटर उतार आहेत. २०१६ मध्ये फ्लेक्सनबान नावाची केबलकार झाली तेव्हापासून पलीकडच्या त्स्युर्स आणि लेखपर्यंत स्की न काढता जाता येतं. (लेख हे गावाचं नाव. नेदरलँड्सचं राजघराणं वर्षानुवर्षं तिथे येतं. त्यामुळे म्हणा किंवा कशाने म्हणा, या भागात दर चौथा माणूस डच वाटतो.)

आता बूट. स्कीचा बूट म्हणजे पायात घातलेली प्लास्टिकची बादली. आत एकच मोजा घालायचा. गारठ्याच्या भीतीने मी दोन घातले होते, ते दुकानातल्या पोराने काढायला लावले, कारण दुसऱ्या मोज्याची घडी पडते आणि तिथेच फोड येतो. चार बकला आवळल्या की घोटा हलतच नाही, नडगी पुढे झुकलेली, आणि चालताना टाच आधी टेकवत बदकासारखं चालायचं. बुटाला स्कीशी जोडणारी पकड म्हणजे बाइंडिंग. किती जोर बसला की तिने बूट सोडायचा, तो आकडा वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि कसब बघून तक्त्यातून काढतात आणि स्क्रूड्रायव्हरने लावतात. आकडा जास्त लागला तर पडताना स्की सुटत नाही आणि गुडघा जातो. कमी लागला तर ती नको तेव्हा सुटते. हे मला भाचीने रात्री सूप पिताना सांगितलं. वजन सांगून झाल्यावर.

पहिले दोन दिवस नासेराइनला, गावाच्या टोकाशी, नवशिक्यांच्या सपाटीवर. आमच्या तुकडीत एक डॅनिश जोडपं, लंडनचा एक मुलगा आणि मी. मास्तर साठीचे, चेहरा भाजलेल्या वांग्यासारखा, फक्त डोळ्यांभोवती गॉगलची पांढरी कड. पहिला तास एकाच पायात स्की घालून लंगडी. मग सरकत्या पट्ट्यावरून पन्नास पावलं वर आणि घसरत खाली. थांबायचं कसं, तर पुढची टोकं जवळ आणि मागची लांब. पोरांना शिकवताना याला ‘पिझ्झा’ म्हणतात आणि सरळ समांतर स्कीला ‘पोमेस’, म्हणजे बटाट्याच्या तळलेल्या काड्या. मोठ्यांच्या जर्मनमध्ये मात्र त्याचा शब्द ‘फ्लूग’. फ्लूग म्हणजे नांगर! हे ऐकल्यावर मला एकदम पटलं. नांगर दाबला की बैल थांबतो. इथे बैलही मीच होते, एवढाच फरक.

नांगर दुपारपर्यंत जमला. वळण जमेना.

इथे थोडं मागे जावं लागेल. कॉलेजात असताना मी पाच-सहा वर्षं सह्याद्रीत भरपूर भटकले आहे. हरिश्चंद्रगड, नाणेघाट, रतनगड. आमच्या म्होरक्याने घसाऱ्यावर उतरताना एकच मंत्र दिला होता. तोल आत, डोंगराकडे. पाय सटकला तर बूड टेक, पण दरीकडे झुकू नकोस. पंचवीस वर्षांत ते अंगात इतकं मुरलंय की जिन्यावरूनसुद्धा मी भिंतीच्या बाजूने उतरते. आणि इथे मास्तर ओरडतायत, “टालस्की! टालस्की!” टाल म्हणजे दरी. दरीकडच्या पायावर भार टाका, छाती दरीकडे, खांदे दरीकडे. म्हणजे पडायचं जिथे भय, तिकडेच वाकायचं.

कारण कळलं होतं. डोंगराकडे झुकलं की वरच्या पायावर वजन जातं, खालच्या स्कीची कड बर्फात रुतत नाही आणि ती निसटते. मागे रेललं की टोकं हलकी होतात आणि स्की मनाला येईल तिकडे पळते. पाण्याची कळशी उतारावर ओतली तर ते ज्या वाटेने धावेल ती रेघ, तिच्याकडे तोंड करून क्षणभर स्वतःला सोडून द्यायचं, तेव्हा वळण मिळतं. डोक्याला सगळं पटत होतं. कमरेला पटत नव्हतं. प्रत्येक वळणाच्या तोंडाशी कंबर आपली डोंगराकडे, जशी काही तिकडे आईच उभी आहे.

दुसऱ्या दिवशी डावी स्की सुटायला लागली. जरा हिसका बसला की टक्, आणि मी एका पायावर. चौथ्यांदा सुटली तेव्हा मास्तर खाली बसले, बाइंडिंगच्या टोकावरचा आकडा हातमोज्याने पुसून पाहिला, मग मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. “दुकानात वजन खरं सांगितलंत?”

“हो.”

“संध्याकाळी तपासून घ्या एकदा,” एवढंच म्हणाले. मी गेले नाही. परत त्या रांगेत उभं राहून काय सांगणार होते, दोन दिवसांत सहा किलो वाढले?

दोघांना मिळून उतारावर वर नेणाऱ्या टी-बार नावाच्या यंत्राबद्दल एकच सांगते. तो उलटा टी बुडाखाली येतो तेव्हा त्यावर बसायचं नसतं, तो फक्त मागून ढकलतो. मी बसले. लंडनचा मुलगा माझ्या वाट्याला आला होता. बिचारा.

तिसऱ्या दिवशी पहाटे धडाम धडाम आवाजांनी जाग आली. रात्री भरपूर बर्फ पडलं होतं आणि लिफ्ट सुरू करण्याआधी वरचे बर्फाचे थर मुद्दाम सुरुंगाने पाडत होते, म्हणजे ते दिवसा लोकांच्या अंगावर येत नाहीत. लिफ्टच्या दारात फलकावर हिमस्खलनाच्या धोक्याचा आकडा, १ ते ५ मधला ४. भाचीचे सवंगडी हळहळले, कारण आखलेल्या वाटांबाहेर जाता येणार नव्हतं. माझ्या मांड्यांना तसंही जिना उतरणं जमत नव्हतं. त्यात संक्रांत होती. पिशवीतून तिळगुळाची पुडी काढून जॅकेटच्या खिशात टाकली आणि मी गावातल्या म्युझियममध्ये गेले.

तिथे कळलं की मास्तरांचा ‘टालस्की’ शंभर वर्षांचा आहे. हान्नेस श्नायडर हा पलीकडच्या श्टुबनचा, १८९० चा जन्म. १९०७ मध्ये विशीच्या आतच इथल्या हॉटेल पोस्टमध्ये पाहुण्यांना शिकवायला लागला. पुढे १९२१ मध्ये त्याने स्कीची शाळा काढली आणि शिकणाऱ्यांचे कसबानुसार वर्ग पाडले. नांगरातून हळूहळू समांतर वळणाकडे न्यायची त्याची रीत आर्लबर्ग पद्धत म्हणून जगभर गेली. त्याच माणसाला १९३८ मध्ये नात्सींनी पकडलं. पुढच्या वर्षी तो अमेरिकेत न्यू हॅम्पशायरला गेला आणि तिथे पुन्हा पहिल्यापासून, नांगरापासून, शिकवायला लागला. गावात त्याचा पुतळा आहे. त्याच्या डोक्यावर त्या दिवशी वीतभर बर्फ साचलं होतं.

दुपारी गाल्त्सिगबानने नुसतीच वर जाऊन आले. या केबलच्या खालच्या स्थानकात डबे जत्रेतल्या पाळण्यासारखे भल्यामोठ्या चाकावरून जमिनीपाशी येतात, आपण जिना न चढता आत शिरायचं. सगळी इमारत काचेची, संध्याकाळी आतून उजळलेली. वरच्या उपाहारगृहात गेर्मक्न्योडल खाल्लं. वाफवलेला नारळाएवढा गोळा, आत आलुबुखाराचा मुरंबा, भोवती व्हॅनिलाची पातळ रबडी आणि वरून खसखस. चमचाभर नव्हे, मूठभर, साखरेबरोबर दळलेली. अनारशाला मोजून खसखस लावणाऱ्या आमच्या आजीने हे पाहिलं असतं तर तिने स्वयंपाकघराच्या किल्ल्या काढून घेतल्या असत्या.

चौथ्या दिवशी तुकडी गाम्पनला गेली, १८५० मीटरवर. खुर्चीची लिफ्ट गुडघ्यामागे दणका देऊन उचलते. वर जाताना मास्तरांना तिळगूळ दिला. उणे अकरात त्याचा खडा झाला होता. त्यांनी तो दाढेखाली धरला, कट्ट आवाज आला आणि ते बराच वेळ गप्प बसले. “गोड बोला” चा अर्थ सांगायचा राहूनच गेला.

दुपारी शिकवणी संपल्यावर भाची आली. “मावशी, खाली लिफ्टने नाही जायचं. गावाकडच्या वाटेने. निळी आहे.”

निळी म्हणजे सोपी, तांबडी मध्यम, काळी अवघड. पण सांक्ट आंटोनची निळी ही दुसरीकडची तांबडी असते, हे इथे सगळेच सांगतात, फक्त निघाल्यावर सांगतात. चार वाजता तर सगळा डोंगर एकाच वेळी घरी निघालेला, दिवसभराच्या घसरणीने बर्फाचे ढीग झालेले, आणि मधल्या खाचांत कातळासारखा निळसर बर्फ. भाची पुढे, उलट्या तोंडाने घसरत माझ्याकडे बघत. “खालच्या पायावर, मावशी! वजन खालच्या पायावर! दरीकडे वाक!” पहिल्या वळणाला पडले. दुसऱ्याला डावी स्की सुटली आणि वीस पावलं एकटीच खाली गेली. ती कुणीतरी काठीने अडवली. उतारावर स्की परत घालायची तर आधी उताराला आडवं उभं राहावं लागतं, बुटाखालचं बर्फ काठीने खरवडावं लागतं, आणि टाच दाबली की क्लिक. ते क्लिक होईपर्यंत माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते गारठ्याने आलं असं मी भाचीला सांगितलं.

मग कधीतरी, कदाचित निव्वळ दमल्यामुळे, कमरेने नाद सोडला. मी उजवा खांदा दरीत टाकला. पडले नाही. बुटाच्या जिभेवर नडगी दाबली गेली, खालच्या स्कीची कड बर्फात विळीसारखी बसली, खर्रर्र असा एक लांब आवाज आला आणि मी वळलेली होते. दुसऱ्या बाजूला तोंड करून उभी. भाची ओरडली, “अगं जमलं!” मी मागे वळून माझी रेघ बघितली. एकच होती, पण कोयत्याच्या पात्यासारखी, नीट.

पुढची दोनशे पावलं पुन्हा नांगर.

गावाच्या जरा वर, वाट संपता संपता, सांक्ट आंटोनचं खरं देवस्थान लागतं. क्रेझी कांगुरू, त्याच्या खाली मोझरविर्ट, आणि आजूबाजूला आणखी दोन-तीन. इथलं नाइटलाइफ साडेतीन-चारला सुरू होतं. ऊन असतं तेव्हा. लोक स्की बाहेर बर्फात खोचतात आणि बुटांसकट, हेल्मेट कोपराला अडकवून, आत. आम्ही ज्या बारमध्ये शिरलो त्याचं नाव सांगत नाही, का ते पुढे कळेल.

आत पहिला वास ओल्या लोकरीचा, मग दालचिनी घातलेल्या गरम वाइनचा, मग तळणीचा. जॅकेटांतून वाफ निघतेय. वीस वर्षांची पोरं आणि सत्तरीची जोडपी एकाच बाकावर उभी राहून नाचतायत, आणि नाचणार कसं, घोटा तर हलत नाही! म्हणून सगळे नुसते उड्या मारतात. तीनशे प्लास्टिकच्या बादल्या लाकडी जमिनीवर एका ठेक्यात आपटल्या की छातीत घुमतं. विसर्जनाच्या मिरवणुकीत ताशाच्या पथकाजवळ उभं राहिल्यावर घुमतं तसंच. जर्मन गाणी, शब्द बालवाडीतले, हातवाऱ्यांसकट, आणि ते सगळ्यांना पाठ. डोक्यावर बिअरच्या पंधरा-वीस ग्लासांचा ट्रे घेऊन एक वेटर त्या गर्दीतून असा गेला की मला दादरच्या पुलावरची कोळीण आठवली. मी यागाटे घेतला, म्हणजे चहात कडक रम. कागदोपत्री चहाच असल्यामुळे दुसराही घेतला. सहाला तिथे मध्यरात्र झाली होती. आठाच्या सुमाराला गाणी थांबतात, दिवे लागतात आणि सगळी जत्रा अंधारात स्कीवरून गावात उतरते. नशेत आपटलात तर विमा हात वर करू शकतो आणि हेलिकॉप्टरचं बिल हजारो युरोंत जातं, हे त्यांना ठाऊक असतं. तरीही उतरतात.

मी चालतच जाणार होते. स्की घ्यायला बाहेर आले, तर माझ्या स्की नव्हत्या.

आत शिरताना भाचीने बजावलं होतं, “जोडी फोड मावशी, एक इथे खोच, एक तिकडे.” भाड्याच्या स्की सगळ्या सारख्याच दिसतात, कुणी चुकून उचलली तरी विजोड जोडी उचलत नाही. मी म्हटलं होतं, इथले लोक तसे नाहीत. माझ्या स्की १५५ सेंटिमीटरच्या. त्या जागी आता एकच काळी जोडी उरली होती, दुकान तेच, स्टिकर तोच, पण उंची माझ्या डोक्याच्या वर टीचभर. आत जाऊन विचारलं तर काउंटरमागच्या माणसाने ग्लास पुसता पुसता सांगितलं, रोजचंच आहे, आणि नोंदही करून घेतली नाही. त्याच्या आवाजातला तो ‘रोजचंच’ मला फार लागला. पण भाची म्हणाली, “हीच जोडी घेऊन चल. दुकान तेच आहे ना, बारकोडवरून माणूस सापडेल.”

मग त्या परक्या, जड स्की खांद्यावर टाकून मी उतरले. वर डोंगरावर बर्फ सारखं करणाऱ्या गाड्यांचे दिवे मुंगीसारखे फिरत होते. दर दहा पावलांनी पाय सटकत होता, आणि प्रत्येक वेळी, देवाशपथ, मी दरीकडे वाकत होते. चालताना ते करायचं नसतं. दोनदा बूड टेकलं.

सकाळी आठला दुकानात गेलो तर तो आधीच आलेला. सहा फूट चार इंच, डच, डोळे तांबारलेले, आणि बगलेत माझ्या इवल्याशा स्की. त्याने रात्री अंधारात त्या घालायचा प्रयत्न केला होता. बूट बसेना तेव्हा बाइंडिंगचा खटका ओढून टाच मागे सरकवली, तरी बसेना, म्हणून शेवटी खांद्यावर टाकून घरी गेला आणि अंथरुणात पडल्यावर त्याला वाटलं की आज स्की फारच हलक्या लागल्या. तो इतक्यांदा सॉरी म्हणाला की मी खिशातला उरलेला तिळगूळ त्याला देऊन टाकला. दातांना जप, हेही सांगितलं.

दुकानातल्या पोराने माझ्या स्की टेबलावर आडव्या ठेवल्या, बाइंडिंग हलवून पाहिली आणि मान हलवली. सगळं पहिल्यापासून लावावं लागणार होतं. त्याने स्क्रूड्रायव्हर काढला, संगणकाकडे वळला. मागे रांग लागली होती. डच तिळगूळ चघळत उभा होता, भाची छताकडे बघत होती.

“वजन?”

“६८,” मी म्हटलं. त्याला ऐकू गेलं नाही, म्हणून परत, मोठ्याने.